मशीन फुकट, वाट विकत



जिल्हा बैठकीच्या अंकात कापसाच्या भावावर लिहावे ही अपेक्षा रास्त आहे. भावाचा ठराव बैठकीपुढे स्वतंत्र येतोच आहे. या पानावर आम्ही दुसरा विषय घेतला आहे. किडनी निकामी झालेला माणूस आणि त्याला आठवड्यातून दोनदा-तीनदा गाठावे लागणारे डायलिसिसचे मशीन, हा तो विषय. पूर्वी गावची बैठक संपली की चहाच्या वेळी कार्यकर्ते सोसायटीची नोटीस नाहीतर वीजबिल आमच्या हाती देत. आता त्या कागदांत क्रिएटिनिनचा रिपोर्टही निघतो.

विषय मांडण्यासाठी जागा मात्र आम्ही आपल्या मुलखाबाहेरची निवडली आहे. रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ठाकुरवाड्या. ठाकुरवाडी हे एकाच गावाचे नाव नव्हे. डोंगराच्या कुशीत ठाकर समाजाची वस्ती जिथे, ती ठाकुरवाडी. या दोन तालुक्यांत अशा कितीतरी आहेत. बोरघाटात रेल्वेचे एक ठाणेसुद्धा याच नावाचे आहे आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या त्यावरून रात्रंदिवस धडधडत जातात. भात, नाचणी, वरीचा हा मुलूख. पाऊस आपल्या चार-पाच पट, आणि तरी एप्रिल-मे लागला की वाड्यांवर हंड्यांची रांग. कापूस-ज्वारीवाल्याला तिथले काय, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे, की सरकारी योजनेची परीक्षा घ्यायची तर आधी सोपा पेपर घ्यावा. कर्जत हे मुंबईच्या लोकलचे स्टेशन आहे. दोन तासांत माणूस परळ-भायखळ्याच्या मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांच्या दाराशी पोहोचतो. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. हीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली आणि डायलिसिस तिच्यात बसते. म्हणजे रेल्वे आहे, मुंबई आहे, योजना आहे. एवढे सगळे असून तिथल्या वाडीवरचा पेपर सुटत नसेल, तर संग्रामपूर-तेल्हाऱ्याच्या पेपरचा निकाल आताच सांगता येतो.

आधी मशीन काय करते ते पाहू. खारवट जमीन कशी सुधारतात हे आपल्याला ठाऊक आहे. गोडे पाणी भरायचे, क्षार त्यात उतरू द्यायचे आणि चरातून निचरा काढून टाकायचा. डायलिसिस हे रक्ताचे असेच काम आहे. हातातल्या शिरेतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त बाहेर काढतात, केसासारख्या हजारो पोकळ नळ्यांच्या गाळणीतून फिरवतात आणि पुन्हा अंगात सोडतात. नळ्यांच्या बाहेरून मिनिटाला अर्धा लिटर द्रावण वाहत असते. रक्तातली घाण त्यात उतरते आणि द्रावण गटारात जाते. चार तासांत असे १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि ते शुद्ध करताना वाया जाते ते वेगळे. साधे विहिरीचे पाणी चालत नाही, कारण गाळणीच्या पडद्यापलीकडे थेट माणसाचे रक्त असते.

आपली किडनी आठवड्याचे १६८ तास राबते. आठवड्यातून तीन पाळ्या केल्या तर मशीन राबते १२ तास. उरलेल्या १५६ तासांचे पाणी आणि क्षार अंगातच साचतात. म्हणून अशा माणसाला पाणी मोजून प्यावे लागते. ज्याची लघवी जवळजवळ बंद झाली त्याला दिवसाला लिटरभरसुद्धा नाही. मे महिन्याच्या उन्हात बांधावर बसलेल्या माणसाने पेल्याने मोजून पाणी प्यायचे म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. कोकणात सुकट सुटते, वऱ्हाडात ठेचा आणि लोणचे सुटते. केळे आणि नारळपाणी आजाऱ्याला देण्याच्या वस्तू, पण त्यांतल्या पोटॅशियममुळे या आजाऱ्याला त्याच घातक ठरू शकतात.

हे मशीन जन्मभराच्या दुखण्यासाठी जन्माला आले नव्हते, हे फार थोड्यांना माहीत असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमधल्या काम्पेन गावी विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरने लाकडी पट्ट्यांच्या ढोलाभोवती सॉसेजचे सेलोफेनचे वेष्टण गुंडाळून पहिली कृत्रिम किडनी बनवली. त्यावर ठेवलेले सुरुवातीचे बहुतेक रोगी दगावले. १९४५ मध्ये एक बाई वाचली. तिची किडनी अचानक बंद पडली होती. मशीनने वेळ मिळवून दिला आणि तिची स्वतःची किडनी पुन्हा चालू लागली.

कर्जतच्या भाताच्या खाचरात आणि आपल्या कपाशीच्या वावरात ही गोष्ट सारखीच लागू पडते, कारण घोणस दोन्हीकडे आहे. घोणस चावली की रक्त गोठेनासे होते आणि एक-दोन दिवसांत लघवी कमी होऊन किडनी बंद पडू शकते. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्याला लेप्टोचा ताप आला तरी हेच होऊ शकते. अशा रोग्याला दोन-चार आठवडे डायलिसिस वेळेवर मिळाले, तर बहुतेकांची किडनी परत सुरू होते आणि माणूस पुन्हा नांगर धरतो. वेळेवर मिळाले नाही तर धडधाकट माणूस आठवड्यात जातो. रायगडातच, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या उपचारात जगाने दखल घ्यावी असे काम केले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते काम खाटेजवळ बसून, रोगी कोणत्या तासाला आला याची नोंद ठेवून झाले. विषाच्या बाबतीत तास मोजावे लागतात.

तेव्हा गावात एवढे तरी सर्वांना ठाऊक असावे. साप चावला की मांत्रिक नाही, आवळपट्टी नाही, चिरा पाडणे नाही; सरळ सरकारी दवाखाना. तिथे कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे हलवल्याशिवाय ठेवतात. गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे असे समजतात आणि प्रतिविष सुरू करतात. पुढचे दोन-तीन दिवस लघवी किती होते हे नातेवाइकांनी मोजावे. कमी झाली तर डॉक्टर विचारण्याची वाट पाहू नये, आपण होऊन सांगावे.

अचानक बंद पडलेल्या किडनीची ही गोष्ट झाली. वर्षानुवर्षे झिजत गेलेली किडनी परत येत नाही. अशा माणसापुढे दोनच वाटा: दुसऱ्याची किडनी बसवणे किंवा जन्मभर मशीन. ठाकुरवाडीच्या माणसाच्या वाट्याला बहुधा दुसरी वाट येते. तिचा हिशेब आपण उत्पादनखर्च काढतो तसा काढू.

समजा, वाडीवरचा एक माणूस आठवड्यातून दोनदा मशीनवर जातो. तीनदा जायला हवे, पण आपल्याकडे पुष्कळ जण दोनदाच जातात. डोंगर उतरून रस्ता, रस्त्यावरून टमटम किंवा एसटी, मग लोकल, मग दवाखान्यातली रांग, मग चार तास सुई, मग तोच प्रवास उलटा. सुई निघाल्यावर रक्तदाब उतरतो, चक्कर येते, म्हणून एकट्याने जाता येत नाही. एका पाळीला दोन माणसांचा दिवस बुडतो. वर्षाच्या १०४ पाळ्या, २०८ दिवस. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने ६४,८९६ रुपये झाले. तीनदा गेला तर १५६ पाळ्या, ३१२ दिवस, ९७,३४४ रुपये. यात टमटमचे भाडे नाही, चहा-वडापाव नाही, औषध नाही. रोवणीच्या आठवड्यात घरातली दोन माणसे कमी पडली त्याची किंमतही नाही. आणि रोजगार हमीचा दर तरी किती; मुंबईच्या एवढ्या जवळ बाजारातली मजुरी त्याहून जास्तच आहे.

आता गंमत पाहा. भावाची शिफारस करणारा कृषिमूल्य आयोग घरच्या माणसांची मजुरी हिशेबात धरतो. ए-२ अधिक एफएल या सूत्रातला एफएल म्हणजे घरचीच मेहनत. आपले म्हणणे एवढेच असते, की ती कमी धरली जाते आणि सगळा खर्च धरला जात नाही. पण धरतात तरी. तोच सरकारी हिशेबनीस आरोग्य खात्याच्या खुर्चीत बसला की रोग्याबरोबर आलेल्या बायकोचा दिवस त्याला दिसत नाही. त्याच्या लेखी पाळी मोफत झाली, खाते मिटले.

सरकारला हे माहीत नव्हते असेही नाही. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दरवर्षी किडनी निकामी झालेल्या २ लाख २० हजार नव्या रोग्यांची भर पडते, त्यांना ३ कोटी ४० लाख जादा पाळ्या लागतात, आणि सुमारे ४,९५० केंद्रे असून ती बहुतेक खासगी आणि मोठ्या शहरांत आहेत, असे त्यांनीच सांगितले. पाळीला सुमारे २,००० रुपये, वर्षाला ३ लाखांहून जास्त खर्च, हेही सांगितले. पुढे तर लांबच्या प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांचाही त्यांनी उल्लेख केला. निदान अचूक होते. मग उपाय? जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीतून मशीन आणि मशीनच्या काही सुट्या भागांवर करमाफी. प्रवास आणि मजुरी भाषणात राहिली.

रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. कर्जतच्या माणसाने खोपोली-पेण करत समुद्रापर्यंत जायचे, तेही आठवड्यातून दोनदा-तीनदा. नकाशावर जिल्हा एक आहे, एवढाच त्याचा फायदा. त्यापेक्षा तो पनवेलला नाहीतर मुंबईला जातो.

सवलती आहेत, त्या नाकारण्याचे कारण नाही. एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसच्या रोग्याला पूर्ण माफी आहे. रेल्वेत दुसऱ्या वर्गाला ७५ टक्के सूट आहे आणि ती सोबत्यालाही मिळते. आपल्या भागातल्या किती रोग्यांनी ही प्रमाणपत्रे काढली आहेत हे बैठकीला येताना विचारून या. पण एसटी जिथे जाते तिथवरच तिची माफी जाते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. त्या चार दिवसांत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले की वाडीला रस्ता नाही आणि माती उपसायचे यंत्र वर चढवता येत नाही. तिथले आजारी माणूस त्याआधी कसे उतरत असेल, हा प्रश्न तेव्हा फार जणांना पडला नाही. झोळीत घालून, चार खांद्यांवर. दरड एका रात्री पडते म्हणून दिसते.

अमेरिकेत सिएटल शहरात १९६० मध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी पुन्हा पुन्हा डायलिसिस करता येईल अशी नळी शोधली आणि जुन्या किडनी-रोग्यालाही वर्षानुवर्षे जगवता येऊ लागले. मशीन थोडी, रोगी फार. तेव्हा १९६२ मध्ये तिथे एक समिती नेमली गेली. त्यात वकील होता, धर्मोपदेशक होता, एक गृहिणी, एक बँकवाला, एक कामगार पुढारी. कोणाला मशीन द्यायचे ते या मंडळींनी ठरवायचे. रोग्याचे उत्पन्न, त्याची मुलेबाळे, चर्चला जातो की नाही, हे सगळे पाहून. बातमी छापून आली तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून जवळपास सर्वच किडनी-रोग्यांचा खर्च सरकारवर घेतला. आपल्याकडे अशी समिती नाही, म्हणून गदारोळही नाही. इथे निवड डोंगर करतो, शेवटची एसटी करते, रेशनकार्डावरचे चुकलेले नाव करते. पाच-सहा महिने ये-जा करून माणूस एक दिवस जात नाही. नोंदवहीत शेरा पडतो: उपचार सोडले.

घरच्या घरी करण्याचे डायलिसिसही असते. पोटात कायमची नळी बसवतात आणि दिवसातून चार वेळा दोन-दोन लिटरची पिशवी पोटात भरून काढतात. केंद्राने २०१९ मध्ये त्याच कार्यक्रमात या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे आणली. थायलंडने २००८ ते २०२२ सरकारी योजनेत हीच पद्धत आधी असे धोरण ठेवले आणि खेड्यापाड्यांतली पुष्कळ माणसे त्यावर जगली. ठाकुरवाडीला हे जमेल का? दिवसाला ८ लिटर म्हणजे महिन्याला २४० किलोच्या पिशव्या डोंगरावर चढवायच्या, आणि हात धुवायला पाणी व धूळ नसलेला कोपरा हवा, नाहीतर पोटात जंतू जातात. अवघड आहे. पण महिन्यातून एकदा माल चढवणे आणि महिन्यातून आठ-नऊ वेळा माणूस उतरवणे यांत आम्हाला तरी पहिले सोपे वाटते. आशाताईला शिकवले आणि पिशव्या पायथ्यापर्यंत पोहोचवल्या, तर काही घरांत हे नक्की होईल.

आता आपल्या घराकडे वळू. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. जवळपास ९०० गावे. विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही आणि तेच माणसाने वर्षानुवर्षे प्यायले. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव भागातले किडनीचे रोगी ही वर्तमानपत्रांना आता नवी बातमी राहिलेली नाही. आंध्रच्या श्रीकाकुलममधल्या उद्दानम भागात, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड्यांत याच जातीचा आजार आहे. उन्हात राबणारा, साखर-रक्तदाब नसलेला, ऐन कमाईच्या वयातला माणूस त्यात सापडतो. पाणी, उष्णता, औषधांची फवारणी, कोणाकडे बोट दाखवायचे यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाने हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सगळे खापर युरियावर किंवा फवारणीवर फोडणारी भाषणे आम्ही ऐकतो; टाळ्या मिळतात, उपाय मिळत नाही.

ज्यावर वाद नाही अशा गोष्टीही आहेत. उन्हात घाम गाळून, पाणी न पिता, कंबरदुखीवर दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी रोज घेणे किडनीला घातक आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही नावे पाकिटावर वाचा. वाढलेला रक्तदाब आणि साखर किडनी खातात आणि पुष्कळदा कसलाही त्रास जाणवू देत नाहीत. रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन या दोन तपासण्या स्वस्त आहेत. ज्याला डॉक्टरांनी किडनी कमजोर असल्याचे सांगितले आहे, त्याने ज्या हाताने कमी काम करतो त्या हाताच्या शिरा राखाव्यात. त्या हाताला सलाईन लावू देऊ नये. पुढे डायलिसिससाठी फिस्टुला त्याच हातावर करतात आणि तो तयार व्हायला महिना-दीड महिना, कधी अधिक, लागतो. आपला माणूस शेवटच्या घटकेला पोहोचतो, म्हणून मानेत नळी घालावी लागते आणि तिथून जंतू शिरतात.

बैठकीपुढे काय मागायचे यावर आमचे कार्यकर्त्यांशी दुमत आहे ते इथेच मांडतो. बऱ्याच तालुक्यांची मागणी आहे: आम्हालाही मशीन द्या. मशीन मागणे सोपे, उद्घाटनाला पुढारीही आनंदाने येतो. पण शुद्ध पाण्याचा प्रकल्प, न जाणारी वीज आणि पगारी तंत्रज्ञ नसेल तर मशीन झाकूनच राहणार. ते मागायचे असेल तर या तिन्हींसकट, आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात मागावे. सर्पदंशाच्या रोग्यासाठी एक खाट रात्रीही राखून ठेवावी.

त्याआधी आम्ही मागतो ते सोबत्याच्या दिवसाचे पैसे. डायलिसिसच्या प्रत्येक पाळीची नोंद दवाखान्यात असतेच. त्याच नोंदीवर रोग्याच्या आणि एका सोबत्याच्या खात्यात रोजगार हमीच्या दराने मजुरी आणि प्रत्यक्ष गाडीभाडे जमा व्हावे. क्षयरोग्याला आहारासाठी दरमहा खात्यात पैसे देण्याची पद्धत सरकारने २०१८ मध्ये सुरू केली. म्हणजे रोग्याच्या खात्यात पैसे टाकता येतात हे सिद्ध झालेले आहे. खर्च वाढेल असे कोणी म्हटले तर वरचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. तो खर्च आजही होतोच आहे, फक्त तो ठाकुरवाडीतून आणि तुमच्या-आमच्या घरातून जातो.

बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेने एक कागद आणावा. गावात डायलिसिसवर किती जण आहेत, किती होते, मशीन किती किलोमीटरवर, आठवड्यातून किती पाळ्या, सोबत कोण जाते, बंद केले असल्यास कधी आणि कशामुळे. नावे लिहू नयेत. कागद दुपारच्या सत्राआधी जिल्हा कार्यालयाच्या टेबलावर द्यावेत. बेरीज तिथेच करून ठरावाला जोडू.